दारावरची झोळी

सरका, सरका, अशा जवळ या! मागच्यांनी पुढे यावं, चपलांची काळजी नंतर. आज एक आख्यान सांगतो. त्यात भिक्षा आहे, भक्तांची गर्दी आहे, आणि एक मूर्खही आहे. तो कोण, ते कळेलच.

मी विलास. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, मुक्काम मयूर विहार. तीस वर्षांत दिल्लीतलं एकही मराठी कीर्तन चुकवलेलं नाही, मग ते फरीदाबादला असो की नोएडाला! त्यामुळे सत्पुरुष मला मैलभरावरून ओळखू येतो, अशी माझी खात्री होती.

आमच्या वरच्या मजल्यावर सुधन्वा नावाचा मराठी मुलगा राहायला आला. बायको जर्मन, हाना. पाठोपाठ तिचे वडील आले. दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला मी गच्चीतल्या तुळशीला पाणी घालायला निघालो, तर त्यांच्या दाराच्या कडीला एक रिकामी कापडी पिशवी! वर इंग्रजी अक्षरांत रंगवलेलं, ‘ब्रोट’.

मी चार-चार पायऱ्या गाळत खाली आलो. "चंद्रप्रभा! वरच्या म्हाताऱ्यांनी माधुकरी मागायचं व्रत घेतलंय! दाराला झोळी लावलीय. गुरूचं नावसुद्धा आहे!"

"जर्मन माणूस माधुकरी मागेल?" बायको म्हणाली. "बेल वाजवून विचारा की!"

"अगं, भिक्षा घालताना चौकशी करतात का? गुप्तदान असतं ते! कीर्तनकार बुवा गेल्या गुरुवारीच म्हणाले, संत ओळखीच्या वेशात येत नाही."

"वेशात नाही, पण पिशवीत येतो वाटतं!"

मी दुर्लक्ष केलं. दोन ओंजळी तांदूळ आणि गुळाचा खडा हळूच झोळीत सोडला. दुसऱ्या पहाटे झोळी रिकामी होऊन पुन्हा कडीला! स्वीकार झाला होता!

पुण्य एकट्यानं खाऊ नये. मी आमच्या कीर्तन मंडळात सांगितलं. मग काय विचारता! कुमुदवहिनींनी तूर डाळ घातली, अविनाशनं नारळ, कुणी तुपाची बरणी. पाचव्या दिवशी झोळी आठ महिन्यांच्या गर्भारणीसारखी दिसू लागली आणि जिन्यात आम्ही नऊजण रांगेत! अविनाशनं तर टाळ आणले होते.

तेवढ्यात दार उघडलं.

पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे, आणि अंगात, देवाशपथ सांगतो, भगवा झगा! आंघोळीनंतर घालतात तो टॉवेलचा झगा होता, पण हे मला नंतर कळलं. मी साष्टांग आडवा झालो.

म्हाताऱ्यानं झोळीत हात घातला, नारळ बाहेर काढला, त्याकडे बघितलं आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "ब्रोट?"

"ब्रोट महाराज की जय!" मी ओरडलो. नऊ गळे, एक टाळ! अख्खी सोसायटी जागी झाली.

सुधन्वा बनियनवरच धावत आला. "काका! पाव! ते पाव मागतायत!"

"कोण पाव?"

"ब्रोट म्हणजे पाव! यांच्या गावात रात्री दाराला कापडी पिशवी लावतात, पहाटे पाववाला त्यात ताजा पाव टाकून जातो. आपल्यासारखा प्लास्टिकमध्ये गुंडाळत नाहीत, वरचं कडक कवच मऊ पडतं म्हणून. नोएडाच्या बेकरीत सांगून ठेवलं होतं. बाबांचं पोट बिघडलंय, दुसरं काही जात नाही. पाच दिवस पाव नाही, रोज तांदूळ! रविवारी परत जातो म्हणतायत, हाना रात्रभर रडली."

"अरे, मग विचारायचं नाहीस?"

"आम्हाला वाटलं, ही सोसायटीची स्वागताची पद्धत आहे!"

जिना दोन सेकंदांत रिकामा झाला. टाळसुद्धा वाजले नाहीत.

मी सोवळं सावरत खाली धावलो. फाटकाशी पाववाले रामअवतारजी सायकल वळवत होते.

"भाईसाहब, पाव क्यों नहीं देते?"

"कहाँ दूँ साहब? पाँच दिन से झोला भरा मिलता है! सोचा, इनके यहाँ खाने की कमी नहीं। घंटी बजाने को मना था, बुज़ुर्ग सोते हैं।"

पाव घेतला. कोऱ्या कागदावर उघडाबोडका, हाताला गरम. धूळ लागू नये म्हणून खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालणार होतो, पण वरून सुधन्वा एवढ्या जोरात "काका, नको!" ओरडला, की पिशवी गटारात पडली.

म्हाताऱ्यानं पहिला घास चावला. काय तो करकर आवाज! हाना हसली, आणि रविवारचं तिकीट रद्द झालं. तूर डाळ, तूप आम्ही गुरुद्वाऱ्याच्या लंगरला देऊन टाकलं. पुढच्या गुरुवारी आजोबा कीर्तनाला आले, आणि शब्द न कळताही अविनाशपेक्षा ठेका बरा धरला.

पुढे जर्मनीला परत जाताना त्यांनी ती पिशवी मला दिली. आता रविवारी आम्हीही ती दाराला लावतो. काल सकाळी मोठ्या आशेनं हात घातला, तर आत दोन ओंजळी तांदूळ आणि गुळाचा खडा!

"अखेर तुमची योग्यता कुणाला तरी कळली," चंद्रप्रभा म्हणाली.

असो. रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका. मला तांदूळ पुरेसे आहेत. पण रामअवतारजींची आठवण ठेवा. भरल्या झोळीपुढून गरम पाव घेऊन पाच पहाटे परत गेले, आणि झोपलेल्या म्हाताऱ्याची झोप मोडू नये म्हणून एकदाही बेल वाजवली नाही त्यांनी.