वेंडेलचा मोठा ऑइल पंप

आयरीन मॅकफीच्या पत्राला वेंडेल प्राउसनं उत्तर दिलंच नव्हतं. नाताळच्या आधी आलेलं ते पत्र, बर्फ वितळून अंगणात चिखल झाला तरी, स्वयंपाकघरात टोस्टरला टेकून उभं होतं. रोज सकाळी पाव भाजताना ते वेंडेलकडे बघायचं आणि वेंडेल खिडकीबाहेर बघायचा.

पत्रात अवघड काहीच नव्हतं. जुन्या गाड्यांच्या क्लबात आयरीन, तिचा नवरा आणि वेंडेल कायम एकाच टेबलावर बसत. आता नवरा राहिला नव्हता. तिनं लिहिलं होतं, 'एखाद्या रविवारी जेवायला ये. माशांचं चाउडर करीन, ते दाट सूप. गाडी घेऊनच ये. दारापुढं नव्या विटा घातल्यात, फिक्या पिवळ्या. त्याही बघशील.'

वेंडेलचा जन्म ग्रंथालयात गेला होता. ओळींच्या मधलं वाचायची खोड नोकरी संपली तरी सुटली नव्हती. 'फिक्या पिवळ्या' असं मुद्दाम का लिहिलं असेल? त्याची जुनी ब्रॅमली गाडी जिथं उभी राही तिथं तेल गाळत असे. क्लबात सगळ्यांच्याच गाड्या गळत. म्हणून रीतच पडली होती: कुणाकडे गेलं की आधी गाडीखाली आपला ट्रे सरकवायचा, मग घंटी वाजवायची. पण फिक्या विटांवर एक थेंब जरी ट्रेबाहेर पडला तर? ती काही बोलणार नाही, नुसती हसेल, आणि तेच वेंडेलला सोसलं नसतं. तेव्हा आधी गळती थांबवायची आणि मग उत्तर द्यायचं, असं ठरलं.

ऑइल पंपाच्या जोडापाशी ओलं दिसत होतं. म्हणजे पंप बदलायला हवा. पण कुठला? मूळ मापाचा की मोठा? लोखंडी की ॲल्युमिनियमचा? वेंडेलनं अख्खा हिवाळा यावर वाचन केलं. एका पुस्तकानं पटवावं, दुसऱ्यानं घाबरवावं. पंप ठरत नाही तोवर पत्राला उत्तर द्यायचं कारण नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण त्या बाबतीत तो स्वतःशी फारसं बोलत नसे.

शेवटी मोठा लोखंडी पंप आला. उताराच्या खालच्या अंगाला राहणारा गॉर्डी तो बसवायला आला. गॉर्डीचा जन्म लॉबस्टर पकडण्यात गेलेला; पुस्तकात डोकं घालणाऱ्या वेंडेलला तो प्रोफेसर म्हणे.

"केवढा हा पंप, प्रोफेसर! गाडी चालवायचीय की आग विझवायचीय?"

"मोठा घेतला की पुढची चिंता नाही, असं दोन लेखकांचं मत आहे."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं जरा वेगळं आहे."

पंप बसला. इंजिन सुरू झालं. प्रेशरचा काटा कधी नव्हे इतका वर चढला. वेंडेल गुडघ्यावर बसून वाकला. जोड कोरडा ठणठणीत! पंपापाशी थेंबसुद्धा नव्हता.

"गॉर्डी, थांबलं रे!"

"इथलं थांबलंय," गॉर्डी गाडीच्या मागच्या बाजूनं म्हणाला. "इकडं ये जरा."

इतकी वर्षं कमी दाबात सुखानं झोपलेलं प्रत्येक जुनं सील जागं झालं होतं. पुढून, मागून, खालून, जिथून वाट मिळेल तिथून तेल निघालं होतं. वेंडेलनं इंजिन बंद करेपर्यंत त्याचा एक ओघळ उतारावरून गॉर्डीच्या अंगणात पोचला. तिथं गॉर्डीचा पांढरा कुत्रा बस्टर ऊन खात पडला होता. तो उठला, तेलानं माखलेलं अंग झाडलं आणि घरात गेला.

"गॉर्डीऽऽ!" आतून त्याची बायको थेल्मा ओरडली. "माझा गालिचा!"

"त्या तेलावर मांजरांच्या शी-शूच्या पेटीतली माती टाक," गॉर्डी घाईघाईनं म्हणाला. "बोटीवर आम्ही तेच करतो. सगळं शोषून घेते."

दुकानातून पाच पिशव्या आणून वेंडेलनं उतारभर माती पसरली. तेल शोषलं जाऊ लागलं. पण गल्लीतल्या मांजरांना त्या मातीचा एकच उपयोग ठाऊक होता. आधी समोरची करडी आली, मग पिवळा बोका, मग कुणाची कुठली. सगळी गंभीर चेहऱ्यानं जागा निवडून बसली.

त्यांच्या मधोमध उभा असताना वेंडेलला एक साधी गोष्ट सुचली. पंप तेल ढकलतो. अडवत नाही. एवढ्या पुस्तकांनंतर हे आत्ता कळलं होतं.

थेल्मा दारात आली. "आयरीनला फोन केलाय. तिचा नवरा जन्मभर बुटांवरून तेल घरात आणायचा. गालिच्यातून ते कसं काढायचं, तिलाच ठाऊक."

"आयरीनला नको!" वेंडेल ओरडला. मांजरंसुद्धा दचकली.

पण आयरीन निघालीही होती. ती नवऱ्याची जुनी हिरवी गाडी घेऊन आली, उतरली, डिकीतून ट्रे काढला आणि आपल्या गाडीच्या इंजिनाखाली सरकवला. टप्प, असा आवाज आला.

"माझं पत्र मिळालं नाही का रे?"

"मिळालं."

"मग?"

"तुझ्या विटा," वेंडेल काळे हात मागं लपवत म्हणाला, "फिक्या आहेत."

"होत्या! घातल्या त्याच दिवशी या हिरव्या बयेनं त्यांच्यावर तेल सांडलं. ताटाएवढा डाग पडलाय. म्हटलं, वेंडेलला दाखवू, मिळून हसू." तिचा आवाज जरा खाली आला. "मला वाटलं, तुला यायचंच नाही. तरी दर रविवारी चाउडर थोडं जास्तच व्हायचं."

वेंडेलनं इतका मोठा श्वास सोडला, की त्याचा त्यालाच ऐकू आला.

"प्रोफेसर, जुना पंप परत बसवायचा ना?" गॉर्डीनं विचारलं.

"बसवू. दिवसाला दोन थेंब गाळायचा बिचारा."

"मग या रविवारी येतोस?" आयरीन म्हणाली.

"येतो."

"असं नाही. पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं. हिवाळाभर मी टपालाची पेटी उघडून बघितलीय."

ती गालिच्याकडे गेली, आणि वेंडेल घरात जाऊन टेबलाशी बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कच्चा खर्डा न करता पत्र लिहिलं. पाकिटावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. दुसरं पाकीट घ्यावं का, असं एकदा मनात आलं. त्यानं तेच चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपर्यंत आयरीन त्याच्यासोबत चालत गेली.

"काय लिहिलंस?"

"मंगळवारपर्यंत येईल तुझ्याकडे," वेंडेल म्हणाला आणि पत्र पेटीत टाकलं.