वानखडेच्या तळहातावरचं दही

व्हिएन्नाच्या हॉस्टेलात रिसेप्शनवरच्या मुलीपुढे वानखडेने उजवा तळहात पसरला, डाव्या हाताने दह्याची डबी आणि चमचा तिच्याकडे सरकवला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "प्लीज, वन स्पून. आय अ‍ॅम लीव्हिंग." ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरचा नकाशा वाचत असल्याचं सोंग आणलं. पण पोरगी भली, तिने दही घातलं. वानखडेने ते चाटलं, हात पँटला पुसला आणि सॅक पाठीला लावली. "चाल बे. व्हिएन्ना झालं."

सुधीर वानखडे अमरावतीचा, मी पुण्याचा. मॉन्ट्रियलमध्ये एकाच बेसमेंटमध्ये राहून आम्ही मास्टर्स करत होतो, आणि एका सेमिस्टरपुरती दोघांचीही एक्स्चेंजवर फ्रान्सला जायची निवड झाली. सुट्टीत रेल्वेचा पास काढून युरोप पालथा घालायचा, हे विमानातच ठरलं. वानखडेबरोबर पालथा घालणं म्हणजे काय, हे मात्र मला तिथे गेल्यावर कळलं.

प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. वानखडेचं म्हणणं, रीत ती रीत, गाव कुठलंही असो. दही साधंच हवं. झुरिकच्या स्टेशनवर सगळी फळांची दही पाहून त्याने मला दोन गाड्या सोडायला लावल्या. "फ्लेवर चालत नाही बे. स्ट्रॉबेरी खाऊन कोणी परत आलं का आजवर?" बरं, ते स्वतःच्या हाताने घ्यायचं नाही. मी म्हटलं, आण, मी ठेवतो आणि सुटू एकदाचे. तर तेही नाही! "तू तर सोबतच येऊन राहिला. मागं राहते त्यानं द्यावं लागते."

त्यामुळे आम्ही शहर बघण्यात कमी आणि मागे राहणारा माणूस शोधण्यात जास्त वेळ घालवत असू. किल्ले, चर्चेस, म्युझियमं सगळं वानखडे भरभर उरकायचा. बुडापेस्टला त्याने एका फुलवाल्या आजीला गाठलं. तिने दही तर ठेवलंच, वर त्याचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. स्वारी पुढे दिवसभर हवेत.

एक टप्पा स्वस्तातल्या विमानाने केला, त्या विमानतळावर तर कहर झाला. सिक्युरिटीवाल्याने सॅकमधली डबी काढली आणि नियमाप्रमाणे कचऱ्याच्या पेटीवर धरली. "फाइन, फाइन," वानखडे म्हणाला, "बट फर्स्ट वन स्पून हिअर." मागे रांग तटलेली. सिक्युरिटीवाल्याने आपल्या साहेबाला बोलावलं. साहेबाने दही तपासलं, तळहात तपासला आणि शेवटी रबरी हातमोजा घातलेल्या हाताने चमचाभर दही वानखडेच्या हातावर ठेवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. वानखडे खुशीत. "साहेबानं दिलं बे!"

फ्रान्सला परतताना गाडीत मी वैतागून विचारलं, "घरून निघताना तुझी आई काय बादलीभर दही द्यायची का रे?"

"आई कुठची? मी लहान असतानाच गेली. काकाकडं वाढलो न." तो खिडकीबाहेर बघत होता. "परीक्षेला निघालो का काकू वाटी घेऊन दारात यायची. पहिले तिच्या पोरांच्या हातावर. माझ्यापाशी येईस्तोवर कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर कोणी हाक मारायचं. वाईट नव्हती बे ती. विसरून जायची."

"मग मागायचं ना!"

"घरी कसं मागते माणूस? लाज वाटते. इथं कोण ओळखून राहिलं आपल्याला?"

मला त्याच्या काकूचा राग आला, आणि झुरिकच्या स्टेशनवर त्याच्यावर ओरडलो होतो त्याचं वाईट वाटलं.

मास्टर्स संपल्यावर वानखडेला देशाच्या पार पश्चिम टोकाला, बर्नाबीला नोकरी लागली. निघायची सकाळ, बाहेर गुडघाभर बर्फ. तो बॅगा बांधत होता आणि दह्याचं नाव काढत नव्हता. फ्रिजही त्याने आदल्या दिवशी पुसून रिकामा करून ठेवलेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या खेपेला मागे राहणारा मीच. आणि मी काही फुलवाली आजी नाही, ओळखीचा माणूस. माझ्याकडे तो जन्मात मागणार नाही.

जॅकेट अडकवून मी कोपऱ्यावरच्या देपानरकडे धावलो. मॉन्ट्रियलमध्ये दूध-पावापासून सगळं मिळणारं दुकान ते. त्या दिवशी नेमकं साधं दही नव्हतं. जे होतं ते घेतलं आणि धापा टाकत परत आलो, तर टॅक्सी दारात आणि ड्रायव्हर हॉर्नवर.

"वानखडे, हात काढ."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने ग्लोव्ह काढून तळहात पुढे केला. मी चमचाभर दही ठेवलं. पिवळसर, घट्ट. आता हा शास्त्र काढणार, म्हणून आधीच सांगून टाकलं, "व्हॅनिला आहे रे. साधं नव्हतं."

"असू दे न बे."

त्याने सावकाश, थेंबही न सांडता ते संपवलं. हात पँटला पुसला नाही, तशाच चिकट हातावर ग्लोव्ह चढवला. टॅक्सीचं दार उघडून तो थांबला. मी 'मॉन्ट्रियल झालं' ऐकायच्या तयारीत उभा होतो.

"येतो," वानखडे म्हणाला.