पिवळी प्रत

संध्याकाळी घरी परतल्यावर तपासनीसांनी आपलं पुस्तक उघडलं, आतली पिवळी प्रत जागेवर नाही हे पाहिलं आणि ते स्वयंपाकघराच्या दारातच मटकन खाली बसले.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. पाय भरून आलेत."

पाय चांगले ठणठणीत होते. भरला होता तो पापाचा घडा.

तपासनीसांनी एकतीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि शहरातल्या घराचं भाडं एकाएकी घराच्या मानानं फारच उंच वाटू लागलं. महिनाअखेरीला घर सोडायचं होतं. परवडतील अशी दोनच गावं निघाली, एक डोंगरावरचं आणि एक नदीकाठचं. घरात त्यांना वरचं आणि खालचं म्हणत. खालच्या गावात बायकोची धाकटी बहीण राहायची, जिला सगळं गोत धाकटी म्हणूनच ओळखायचं, आणि तिच्या शेजारचंच घर रिकामं होतं. लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी वर्षातून जेमतेम चार दिवस भेटत आल्या होत्या. म्हातारपण तरी भिंतीला भिंत लावून काढावं, एवढीच बायकोची इच्छा होती. तिनं ती एकदाच बोलून दाखवली होती, तीही भांडी लावता लावता, पाठमोरी.

"आपण रीतसर तुलना करू," तपासनीस म्हणाले होते. मनाविरुद्ध काही होणार असं दिसलं की माणसाला रीत आठवते.

रीतसर म्हणजे कचेरीच्या पद्धतीनं. घरात तपासणीचं एक अर्धं उरलेलं पुस्तक होतं. पांढऱ्या पानावर लिहायचं, त्याखाली कार्बन, त्याखाली पिवळं पान. पांढरं कचेरीचं, पिवळं ज्याची लिफ्ट त्याचं. इमारतीचा सेक्रेटरी कधी जागेवर सापडत नसे, म्हणून पिवळं पान फाडायचं, समोर जी वस्तू दिसेल तिच्याखाली सरकवायचं आणि निघायचं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात डोक्याचा काही संबंध उरला नव्हता.

वरचं गाव दोघं आधीच बघून आले होते. आज दुपारी खालच्या गावात बायको शेजारच्या घरात पडद्यांसाठी खिडक्या मोजत होती, तेव्हा तपासनीसांनी धाकटीच्या टेबलाशी बसून पत्रक भरलं. धाकटी समोर बसून बोलत होती. निघताना त्यांच्या हातांनी पिवळं पान फाडलं आणि तिच्याच कपबशीखाली सरकवलं. आता ते त्यांना लख्ख आठवलं.

पांढरं पान तेवढं पुस्तकात होतं. त्यांनी ते भीत भीत वाचलं.

"वरचं गाव. पाणी: मुबलक. शेजार: शांत. शेरा: योग्य."

"खालचं गाव. पाणी: मुबलक. फरशी: पक्की. शेजार: मेहुणी. सतत चालू. बंद करण्याची सोय आढळली नाही. साडू: जुना. बसता-उठता आवाज करतो, धोका नाही. शेरा: चाळीस किलोमीटर सुरक्षित अंतर राखावं."

खालच्या गावापासून चाळीस किलोमीटरवर नेमकं वरचं गाव होतं. आणि वरच्या गावात पाणी तिसऱ्या दिवशी यायचं. एकतीस वर्षांत तपासनीसांनी कुणाच्या भिडेखातर लिफ्टच्या एका दोराचाही खोटा दाखला दिला नव्हता. पहिला खोटा दाखला दिला तो बायकोला.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचा होता. बायको तो घेऊन गॅलरीत गेली आणि अर्धा तास आलीच नाही. तपासनीस आत बसून तिच्या पाठीकडे बघत राहिले. एकदा ती पाठ हलली, ती हसण्यानं की कशानं ते कळेना.

"काय म्हणत होती?" ती आत आल्यावर त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच."

चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. म्हणजे कपबशी अजून उचलली नसावी. खाई त्याला खवखवे, पण खवखवणाऱ्यालाही आशा असते.

"उद्या परत जाऊन येतो म्हणतो," ते म्हणाले. "भिंतीची ओल नीट बघितली नाही."

"दोन तास बसनं, ओल बघायला?"

"भिंतीचं काही सांगता येत नाही."

"जा की. पहिल्याच गाडीनं जा," बायको म्हणाली. सकाळी लवकर उठून तिनं इतक्या मायेनं डबा भरून दिला की गाडीत त्यांनी तो उघडलाच नाही.

धाकटीनं दार उघडलं. "या."

पुढची वाक्यं यायची म्हणून तपासनीस दारातच थांबले. ती आली नाहीत.

"ओल बघायला आलो होतो."

"बघा."

"तब्येत काय म्हणते?"

"बरी."

तीस वर्षांत धाकटीचं इतकं थोडक्यात कधी आटपलं नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत साडू बसले होते. एरवी उठताना ते 'आई गं'पासून सुरुवात करत. आज त्यांनी ओठ घट्ट मिटले, चेहरा लालबुंद केला आणि दोन हप्त्यांत, अजिबात आवाज न करता उठून दाखवलं.

धाकटी चहा टाकायला आत गेली. तपासनीस चटकन गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले.

"काय शोधताय भावोजी?" मागून आवाज आला.

"ओल."

"टेबलाखाली?"

"ओल कुठूनही येते."

धाकटीनं कपाटातून चौघडी घातलेला एक पिवळा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. "ही तर नव्हे?"

कागदाच्या तळाशी 'दोष मान्य' असं छापलेलं होतं. त्याखाली तिची सही होती. तिच्या शेजारी साडूंचीही.

"तिथं सहीला जागा होती," धाकटी म्हणाली. "म्हणून केली."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तपासनीसांना झालं. पण फरशी पक्की होती, आणि ती पक्की असल्याचं त्यांनीच कालच्या पत्रकात लिहिलं होतं. ते टेबलाखालून बाहेर आले, पण मान काही वर येईना.

"धाकटे, ते आपलं कामाच्या सवयीनं... गंमत म्हणून."

"गंमत कसली. बोलतेच मी जास्त. पोरं लांब गेली, हे दिवसदिवस तोंड उघडत नाहीत. घर बोलतं ठेवायला कुणीतरी पाहिजे ना."

"मग बोल की. असं गप्प नको राहूस, मला बघवत नाही."

"ताईनं संध्याकाळपर्यंत गप्प बसायला सांगितलंय. आताच जास्त झालं."

"तिला माहीत आहे?"

"काल फोनवर वाचून दाखवलं की. 'सतत चालू' तर तिनं दोनदा वाचून घेतलं, हसता हसता ठसका लागला तिला. मग वरच्या गावाचं पाणी वाचलं, तेव्हा गप्प झाली." धाकटीनं कागदाची घडी पुन्हा घातली. "म्हणाली, नळावरच्या बायकांनी ह्यांना सांगितलं तेव्हा मी मागेच उभी होते. खालच्या गावात राहायचं नाही म्हणाले असते, तर मी ऐकलं असतं. आजवर कधी ऐकलं नाही का? मग खोटं कशाला लिहिलं?"

खोटं लिहायला तपासनीसांना तीन मिनिटं लागली होती, आणि बायकोची इच्छा तीस वर्षांची होती. त्यांनी फोन काढला आणि घरचा नंबर लावला.

"अगं."

"हं."

"वरच्या गावात पाणी तिसऱ्या दिवशी येतं."

"माहीत आहे."

"मला लाज वाटते."

"वाटू दे," बायको म्हणाली. "आणि खालचं गाव?"

"योग्य."

"धाकटीचा त्रास होईल तुम्हाला."

तपासनीसांनी समोर पाहिलं. धाकटी ऐकत होती. पुन्हा खोटं बोलायचा मोह झाला, तो त्यांनी गिळला. "होईल थोडा."

"हा खरा दाखला," बायको म्हणाली. "द्या तिच्याकडे फोन. गप्प बसून पोट दुखत असेल तिचं."

त्यांनी फोन दिला. धाकटीनं एक मोठा श्वास घेतला आणि सकाळपासूनचं सगळं, अगदी टेबलाखालच्या ओलीसकट, ताईला सांगायला सुरुवात केली. पलीकडून बायकोचं हसणं खोलीभर ऐकू येत होतं. परतीची गाडी अकरा वाजता होती. साडेअकरा झाले तरी तपासनीसांनी फोन मागितला नाही.

साडूंनी दुसरी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा," ते हळूच म्हणाले. "अजून चहापर्यंतच आलीय."

तपासनीस बसले.