पाणी मिळालं, पगार राहिला

आकोर्फाने नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा पास केली आणि त्याच दिवशी घरात जाहीर करून टाकलं, की आपला पहिला पगार आपण स्वतः ठरवणार. चार हजार सेडी! त्याच्या खाली बोलणंच नाही. समोरचा फारच काकुळतीला आला तर विचार करू, पण तोही त्याची वागणूक बघून.

घानातल्या त्यांच्या केटा गावात तिच्याआधी पास झालेल्या मुली परवाना हातात घेऊन सरकारी नेमणुकीची वाट बघत बसल्या होत्या. त्यातल्या एकीचं लग्न होऊन मूल चालायला लागलं, दुसरीने वेण्या घालायचं दुकान टाकलं, सरकारला मात्र कसलीच घाई नव्हती. म्हणून आकोर्फाने खासगी दवाखाना गाठायचं ठरवलं.

तिला वाढवलं होतं आफी आत्याने. बाजारात आत्याचा धुरावर सुकवलेल्या मासळीचा गाळा होता आणि नर्सिंगची सगळी फी त्या धुरातूनच निघाली होती. तेव्हा सल्ला देण्याचा पहिला हक्क आत्याचा, आणि तो हक्क तिने कधीच वाया घालवला नव्हता.

"गेल्याबरोबर बडबडू नकोस," आत्या म्हणाली. "आधी पाणी देतील, ते पी. मग विचारतील, कशासाठी येणं केलंस. त्यांनी विचारल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, आणि पगाराचं तर मुळीच नाही. पोरीला वळण आहे असं दिसलं पाहिजे." शिवाय ईस्टरपर्यंत नोकरी लागली नाही तर भट्टीवर मासे उलटायला बसायचं, हेही तिने सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आकोर्फा कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून डॉक्टर आमेग्बोंच्या दवाखान्यात दाखल झाली. डॉक्टर अक्राला गेले होते. मेट्रन डोग्बे नावाच्या भारदस्त बाईंनी तिला बसवलं आणि थंड पाण्याची पिशवी दिली. आकोर्फाने पिशवीचा कोपरा दाताने तोडला, सावकाश पाणी प्यायलं, पदवीदान समारंभाला बसावं तशी ताठ बसली आणि प्रश्नाची वाट बघू लागली. चार हजारांचं वाक्य अगदी जिभेवर येऊन बसलं होतं.

तेवढ्यात एक बाई तापाने आकडी आलेलं पोर घेऊन धावत आत आली. सकाळच्या पाळीची नर्स आलेली नव्हती. मेट्रनने आकोर्फाचा गणवेश पाहिला आणि ओरडून म्हणाली, "बसलीस काय? हात लाव!"

आकोर्फाने हात लावला. पोराचं अंग पुसलं, शीर शोधून सलाईन लावलं. पोर शुद्धीवर आलं तोवर एक हात भाजलेला म्हातारा आला, मग दोन बाळंतिणी आल्या आणि बघता बघता संध्याकाळ झाली. जाताना मेट्रन एवढंच म्हणाली, की उद्या सातला ये.

आकोर्फा जवळजवळ नाचतच घरी आली. नोकरी लागली! आत्याने पहिला प्रश्न पगाराचा विचारला. अजून त्यांनी विचारलेलं नाही, असं आकोर्फाने सांगितलं. आत्याला भाचीचं कौतुक वाटलं. याला म्हणतात वळण!

पण तो प्रश्न दुसऱ्या दिवशीही कोणी विचारला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याचं कारण असं, की डॉक्टरांच्या गावाकडून अधूनमधून एखादी भाची किंवा पुतणी दवाखान्यात उगवत असे. अशाच एकीला मेट्रनने "तू कोणाची गं?" असं विचारलं होतं आणि त्याबद्दल डॉक्टरांची बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. न सांगता आली, इतक्या ऐटीत बसली, म्हणजे ही नक्की डॉक्टरांची भाची! मेट्रनने तिला खिडकीजवळची खुर्ची दिली, दुपारच्या जेवणात आक्प्लेच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उंड्याबरोबर माशाचा मोठा तुकडा दिला आणि तोंड बंद ठेवलं.

डॉक्टर परत आले, तर त्यांची आणखी वेगळीच तऱ्हा. परवाना नुकताच मिळालेल्यांपैकी एखाद्या नर्सला सरकार मनात आलं तर वर्षभर कुठेतरी सेवेला पाठवतं आणि तिचा भत्ता सरकारच देतं. अशी एक नर्स आपल्याला मिळावी म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी अर्ज केला होता. आकोर्फाला बघताच त्यांना वाटलं, आली! फुकट ते पौष्टिक या न्यायाने त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. उगीच चौकशी केली आणि सरकारने चूक समजून परत नेली तर? येता जाता ते "उत्तम, उत्तम" म्हणत आणि पुढे जात.

आणि आकोर्फा? तिला पाणी रोज मिळत होतं, प्रश्न मिळत नव्हता. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

इकडे आत्याने रविवारी चर्चमध्ये कहर केला. देवाचे आभार मानायला ती रुमाल हलवत, नाचत, भाचीला ओढत थेट पुढे गेली आणि भरल्या सभेत म्हणाली, की माझ्या पोरीला नोकरी लागली, पगार चार हजार! आकोर्फाने आत्याचा दंड ओढून पाहिला. पण वाजणाऱ्या ढोलांपुढे ती काय बोलणार? त्या आठवड्यात तीन दूरचे नातेवाईक अचानक जवळचे झाले. एकाला होडीला नवं इंजिन हवं होतं. पास्टरनेही चर्चच्या गळक्या छपराकडे तिचं लक्ष दोनदा वेधलं.

महिना संपला. मेट्रनने सगळ्यांना पगाराची पाकिटं वाटली. झाडूवालीला पाकीट, चौकीदाराला पाकीट. आकोर्फाला गोड हसू! डॉक्टरांच्या भाचीचा हिशेब घरातल्या घरात होत असणार, अशी मेट्रनची समजूत.

आकोर्फा घरी येऊन रडली.  आत्याने कपाळावर हात मारला. चूक आपलीच! नोकरी देणाऱ्याचे आभार मानायला घरातलं वडीलधारं माणूस जायला हवं होतं. महिना झाला तरी कोणी फिरकलं नाही, म्हणून डॉक्टर रागावले. दुसरं काय असणार?

सकाळी आत्या जिनची बाटली आणि टोपलीभर उत्तम मासळी घेऊन दवाखान्यात हजर झाली. पाणी आलं. आत्या प्यायली. मग डॉक्टरांनी रीतीप्रमाणे अदबीने विचारलं, "आत्याबाई, कशासाठी येणं केलंत?"

आकोर्फा कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. महिनाभर ज्या प्रश्नासाठी ती झुरली, तो आत्याला पहिल्या पाच मिनिटांत मिळाला!

"माझ्या भाचीला नोकरी दिलीत, त्याचे आभार मानायला," आत्या म्हणाली.

"मी? कोणती नोकरी?" डॉक्टर म्हणाले.

 डॉक्टरांनी मेट्रनकडे पाहिलं.

"तुमची भाची आहे ना ही?" मेट्रन चाचरत म्हणाली.

"माझी? अहो, मला वाटलं सरकारची आहे."

"मग हिला नेमलं कोणी?"

कोणीच नाही. महिनाभर शिरा शोधल्या, बाळंतपणं केली, चर्चमध्ये नाचून झालं, आणि मुळात नोकरीच नव्हती!  आकोर्फाला वाटलं, भाजलेल्या म्हाताऱ्याची रिकामी खाट तिथेच आहे, आपणच जाऊन पडावं.

आत्याने मात्र शांतपणे टेबलावरची बाटली उचलून परत टोपलीत ठेवली.

"नोकरी द्या, मग आभार," ती म्हणाली.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. पोरगी कामाची आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घसा साफ करून त्यांनी आकडा सांगितला. महिना नऊशे सेडी.

"नऊशे?" आत्याला ठसका लागला. "डॉक्टर, माझ्या भट्टीवर मासे उलटणारी पोर याहून जास्त नेते. तिच्याकडे परवाना नाही, फक्त चटके सोसायची सवय आहे."

डॉक्टरांनी हात टेकले. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. गावात सगळीकडे नव्या नर्सला एवढाच पगार मिळतो, आणि देणार तरी कुठून? निम्मे रोगी औषध घेतात आणि पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणतात. बाकावर बसलेले ते गृहस्थच बघा, पायाच्या पट्टीसाठी रोज येतात आणि अजून एक पेसवा सुटलेला नाही.

आत्याने वाकून पाहिलं. "हा? दोन होड्यांचा मालक आहे मेला," असं म्हणत ती उठून बाहेर गेली. ती त्याला काय म्हणाली ते आत नीटसं ऐकू आलं नाही. त्याच्या आईचं नाव आलं, सासऱ्याचं आलं आणि मग बाकावरचे आणखी दोन रोगी आपण होऊन खिसे चाचपू लागले. आत्याने परत येऊन नोटांचं पुडकं डॉक्टरांपुढे ठेवलं.

डॉक्टरांनी त्या नोटा दोनदा मोजल्या. मग जरा पुढे सरकून त्यांनी विचारलं, की आत्याबाईंना रोज सकाळी दोन तास वसुलीला येणं जमेल का?

"काय द्याल?" आत्याने लगेच विचारलं. वळणबिळण काही नाही!

पंधराशेवरून सुरुवात झाली आणि अठराशेवर बोलणं मिटलं. आत्याने त्याच बैठकीत भाचीचाही आकडा रेटून अकराशेवर नेला आणि मागच्या महिन्याचा निम्मा पगार पदरात पाडून घेतला. मग बाटली टोपलीतून पुन्हा बाहेर आली.

घरी जाताना आकोर्फा बोटांवर हिशेब करत होती. तीन वर्षं शिक्षण, परवान्याची परीक्षा आणि अकराशे! आत्या मात्र रिकामी टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालली होती. थोड्या वेळाने तिने मागे वळून भाचीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला पोरीची मनापासून दया आली.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "नोकरीत सुरुवातीला असंच वाटतं. काही अडलं तर मला विचारत जा."