दाजींची मोटारसायकल

"दाजी, गाडी काय झकास ठेवलीय हो तुम्ही," अर्दलान म्हणाला, आणि फरामर्जच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "तुझीच आहे ती. घेऊन जा."

यात फरामर्जचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या काशान शहरात पाहुण्यानं एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की ती त्याला देऊ करायची, आणि पाहुण्यानं छातीवर हात ठेवून "छे, तुमच्याकडेच शोभते" म्हणायचं. मग दोघांनी चहा प्यायचा. फरामर्जनं आजवर घरातला गालिचा, भिंतीवरचं घड्याळ आणि नाकावरचा चष्मासुद्धा लोकांना देऊ केला होता, आणि सगळं जागच्या जागी होतं.

पण अर्दलान म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. कोवळ्या वयात हाम्बुर्गला गेला तो आता नवरोजला, नववर्षाच्या सणाला, कायमचा परतला होता. भाषा त्यानं जपली होती, रीतभात मात्र वापराविना गंजून गेली होती. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"खरंच देताय? मला गाडीची फारच अडचण होती हो. शुक्रवारी येऊन नेतो."

फरामर्जनं पुढ्यातला चहा उचलला आणि तोंड भाजून घेतलं.

रात्री तो मनीजेला म्हणाला, "तुझ्या भावाला जरा समजावून सांग. मी आपलं रीत म्हणून बोललो."

"काय सांगू? तुझे दाजी खोटं बोलतात म्हणून?"

"खोटं कुठं? मी त्याला मान दिला."

"मग त्यानं तो घेतला. गाडीसकट." मनीजेनं दिवा मालवला. "आणि बरंच झालं. संध्याकाळ झाली की पळायचं निमित्त गेलं."

पळायचं निमित्त, हे मात्र खरं होतं. बाजारात फरामर्जचं लोकरीचं दुकान. दिवसभर विणकर बाया येऊन लाल रंग गेल्या खेपेसारखा नाही म्हणून वाद घालत. घरी यावं तर वरच्या मजल्यावरचा भाडेकरू नळ गळतोय म्हणून जिन्यातच धरायचा, सासूबाईंचा औषधासाठी फोन यायचा, आणि लेकीच्या लग्नाचं तर रोज नवं काहीतरी निघायचं. म्हणून दुकान बंद केलं की तो मोटारसायकल काढी आणि कमसरच्या रस्त्याला लागे. गाव मागं पडे, डोंगर जवळ येत. एका बागेच्या मातीच्या भिंतीपाशी गाडी लावून तो थर्मासमधला चहा पिई. तिथं त्याला कुणी नवरा, जावई, घरमालक म्हणून ओळखत नसे. तेवढ्या बळावर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हे सगळं व्हायला तयार होई.

शुक्रवारी अर्दलान आला. फरामर्जनं गाडीचे दोष सांगून पाहिले.

"ब्रेक जरा उशिरा लागतो बरं."

"मी हळूच चालवतो, दाजी."

"थंडीत सुरू होत नाही."

"थंडीत कोण बाहेर पडतंय?"

"आवाज फार करते. तुझ्या वडिलांची झोपमोड होईल."

"त्यांना ऐकू कुठं येतंय आता?"

किल्ली द्यावी लागली. अर्दलाननं हेल्मेट हातात घेऊन नुसतं "वा" म्हटलं, आणि फरामर्जची जीभ पुन्हा घसरली. "तेही तुझंच." मग हातमोजे गेले. खुंटीवरच्या चामडी जाकिटाकडे मेव्हण्याची नजर वळली तेव्हा मनीजेनं ते गुपचूप काढून आत नेलं, म्हणून वाचलं.

आठवडाभरानं फरामर्जला एक युक्ती सुचली. जी रीत गाडी घेऊन गेली, तीच परत आणील. तो सासरी गेला आणि अंगणातल्या गाडीभोवती कौतुकानं फिरला.

"अर्दलान, काय गाडी आहे रे! डोळे निवले."

"हो ना?" अर्दलान खूश झाला. "आभारी आहे, दाजी."

आणि दोघांनी चहा प्यायला.

आता फरामर्ज दुकानातून सरळ घरी येऊ लागला. भाडेकरूला रोज सापडू लागला. वेळ जाईना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांवरची झाकणं उचलून बघू लागला.

"घेवडा जरा जास्त शिजला का गं?"

"नाही."

"मीठ?"

"घातलंय."

"लिंबू सुकं घातलंस की ओलं?"

मनीजे उत्तर द्यायची थांबली, आणि झाकणं जरा जोरात ठेवू लागली.

इकडे सासऱ्यांच्या, हाजीआगांच्या, कानावर गाडीची हकिकत गेली. ऐकू कमी येत असलं तरी हे त्यांना बरोबर ऐकू आलं. त्यांनी लेकाला पुढ्यात बसवून जन्मभर पुरेल एवढी रीत शिकवली. पुढं एका दुपारी त्यांच्याकडे सगळे जेवायला जमले, भाताच्या बुडाची कुरकुरीत करपी वाटून झाली, तसा अर्दलान उठला, छातीवर हात ठेवला आणि किल्ली पुढं करून म्हणाला, "दाजी, माझी चूक झाली. गाडी तुमचीच आहे. घेऊन जा."

हाजीआगांनी समाधानानं मान डोलावली. फरामर्जच्या डोळ्यांसमोर कमसरचा रस्ता आला. त्यानं हात पुढं केला, तोंड उघडलं, आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं ते तोंड बोललं, "छे, काहीतरीच काय? तुझ्याकडेच शोभते ती."

अर्दलाननं आणखी दोनदा आग्रह करायचा आणि मग आपण घ्यायची, असा फरामर्जचा हिशोब होता. हाजीआगांनी लेकाला नेमकं तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"बरं," अर्दलान म्हणाला, आणि किल्ली खिशात टाकून खाली बसला.

मग मनीजेनं हातातला चमचा ठेवला.

"किल्ली दे त्यांना. हवीय त्यांना गाडी."

हाजीआगा चपापले. "पोरी, असं उघड बोलतात का?"

"मग कसं बोलू, बाबा? हे रोज उजेडी घरी येतात आणि माझ्या पातेल्यात डोकावतात. इतकी वर्षं हे बाहेर गेले की घरात कुणी मला हाक मारत नव्हतं. मी अंगणातल्या हौदात पाय सोडून बसायचे. काही करायचे नाही. लोकांना वाटतं, ती संध्याकाळ यांची होती. ती माझी होती."

फरामर्जनं बायकोकडे पाहिलं. आपण परत यायचो तेव्हा ती अंगणात काय करत असायची, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आपण तिच्यासाठीच घाईनं परततो, अशी त्याची समजूत होती.

अर्दलाननं मुकाट्यानं किल्ली पुढं केली. फरामर्जनं ती घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तो एखादी वस्तू घेताना "कशाला, कशाला" म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी तो बागेच्या भिंतीपाशी पोहोचला, चहा प्यायला आणि नेहमीच्या वेळी परत निघाला. निम्म्या वाटेत त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चांगला अंधार पडेपर्यंत तिथंच दगडावर बसून राहिला.