इथले जंत चांगले

पोटात जंत निघाले म्हणून माणसाचं अभिनंदन करणारा डॉक्टर मी एकच पाहिला, बाभुळगावचे ढोले डॉक्टर. सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढायचे, समोरच्याचा हात हातात घ्यायचे आणि मुलगा झाल्याची बातमी द्यावी तसं म्हणायचे, "अभिनंदन. जंत हायेत." नमुन्याची काच साफ निघाली की मात्र चेहरा असा पाडायचे, की धडधाकट माणसानेही घरी जाऊन अंथरूण धरावं.

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. मी तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. डॉक्टर विलायतेत शिकले, तिथेच संशोधनाला लागले आणि एकाएकी सगळं सोडून गावी परतले. काहून परतले, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "इथले जंत चांगले."

गावात ज्याला वेड म्हणतात, त्यातलं काही पोटातून वर चढतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावरचे त्यांचे लेख परदेशी मासिकांत छापून येत आणि त्यातली चित्रं माझी असत. शाळेच्या भिंतींवर कमळं आणि मोर काढणारा माझा हात त्यांनी जंताला लावला. "लाजू नका, मास्तर. त्याची मान जराशी वाकडी हाये, तशीच येऊ द्या." परदेशी तिकिटांचं पाकीट पोस्टमन दोन्ही हातांनी द्यायचा. आत कशाची चित्रं आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, ते बरंच होतं.

घरात डॉक्टर आणि त्यांचे थोरले भाऊ, दादा. लग्न दोघांचंही नाही. दादांनी शेतात राबून धाकट्याला शिकवलं. त्यांच्याइतका गप्पिष्ट माणूस गावात नव्हता म्हणे. डॉक्टर विलायतेत असताना एका उन्हाळ्यात दादांचं बोलणं आटलं ते आटलंच. आता ते दिवसभर ओसरीवर बसून असत.

आम्ही डॉक्टरांना हसत होतो. ते थांबलं भाऊरावच्या बायकोमुळे. भाऊराव कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. घर नुकतंच बौद्ध झालेलं. त्याची यशोदा भिंतीची माती खायची आणि पोटच्या लेकरांकडेही बघायची नाही. सोडलेले देव मागे लागले, असं शेजारी म्हणत. भाऊराव ते मानत नव्हता, पण पुरता खचला होता.

डॉक्टरांनी त्याला एवढंच विचारलं, "वावरात अनवाणी जाते?"

"जी."

"मंग देवायचं नाव कायले? डबीत नमुना आण."

जंतांची अंडी सापडली. अभिनंदन झालं. औषधाने पडलेला एक जंत डॉक्टरांनी मला भिंगाखाली दाखवला. दोऱ्याच्या तुकड्याएवढा जीव आणि त्याच्या तोंडात आकड्यासारखे दात. एवढासा प्राणी आतड्याला चावून रक्त पितो आणि बाई आपल्या लेकरांना विसरते. मी पेन्सिल धरून नुसता बघत राहिलो. आणि ज्याला हे ठाऊक होतं, तो माणूस शेजारी बसून निवांत चहा फुंकत होता.

लोहाच्या गोळ्या झाल्या, पायात चपला आल्या. कापूस फुटायच्या दिवसांत यशोदा आपल्या पायांनी चालत आली आणि आल्या आल्या डॉक्टरांवरच घसरली. "काहून इतके वाळले तुमी? जेवत नाही का?" मग तिची नजर ओसरीकडे गेली. "अन् या दादायचे जंत काहून नाही काढले?"

डॉक्टर भिंग पुसायला लागले.

सोमवारी सकाळी मी पेन्सिली घेऊन गेलो, तर त्यांचा चेहरा पडलेला. कोणाची काच, म्हणून विचारलं.

"दादाची," ते म्हणाले. "दर सोमवारी पहिली त्याचीच असते. आलो तवापासून पाहून राह्यलो. काहीच निघत नाही, मास्तर. एक जंत निघाला असता, तर औषध होतं माह्यापाशी."

डॉक्टर गावी काहून परतले, ते मला तेव्हा कळलं. या घरातला सगळ्यात मोठा शोध अजून लागायचाच होता, आणि मी मोर सोडून जंत काढायला लागलो म्हणून वर्षभर हसत होतो.

डॉक्टरांनी हात धुतले. ओसरीवर जाऊन दादांच्या पायांत चपला सरकवल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि चेहरा हसरा करून म्हणाले, "अभिनंदन, दादा. काच साफ हाये."

दादा अंगणाकडे बघत राहिले. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.

"आज काढाले काही नाही, मास्तर," डॉक्टर म्हणाले.

मी पेन्सिली खिशात ठेवल्या आणि दादांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.