लढाई मागणारे आण्णा

कोल्हापुरात माणसं सकाळी अंबाबाईकडे काय काय मागतात. कुणी नोकरी मागतो, कुणी मूल, कुणी कोर्टातला निकाल. आमचे आण्णा मिस्त्री लढाई मागायचे. तीही मनातल्या मनात नव्हे. देवळाच्या दारात पायताण काढता काढता, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे, "आई, कुठंतरी पेटू दे. लांब पेटू दे, पन पेटू दे!"

एकदा मागे उभ्या असलेल्या एका बाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, देवीकडं असलं मागतात का?"

आण्णा वळून म्हणाले, "तिच्या हातात गदा हाय न्हवं? ती गदा कुनीतरी ओतलीच असंल की. त्याचं प्वाट भरलंच असंल की!"

बाई प्रसाद न घेताच गेल्या.

आण्णांची बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कामाची फौंड्री होती, उचगावच्या रस्त्याला. पत्र्याची एक मोठी शेड, एक भट्टी, वाळूचे ढीग, दारात एक कडुनिंब आणि शेडला लागूनच त्यांचं घर. मी सत्तेचाळीस साली बी. ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील कागलच्या बाजारात पोती उचलायचे, मी कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकलो. पदवी घेऊन चार महिने फिरलो, पण कुणी दारात उभं केलं नाही. आण्णांनी केलं. त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही, आणि माझी मुलाखतही नाही.

"काय शिकलाय?"

"अर्थशास्त्र."

"म्हंजे?"

"देशाचा पैसा कुठून येतो आणि कुठं जातो, त्याचा अभ्यास."

"त्ये मला ठावं हाय. पत्र लिवता येतं का?"

येतं म्हटल्यावर मी कारकून झालो. त्या दिवसापासून माझं नाव 'बीए' पडलं. आण्णांना वाचता येत नव्हतं. रोज सकाळी भट्टीजवळच्या बाकावर बसून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बीए, कुठं पेटलंय का?"

मी चीनमधलं काही वाचलं तर ते म्हणायचे, "ते लई लांब. हितवर काम येत न्हाय." पॅलेस्टाइनचं वाचलं तर, "ते आपल्याकडनं बीड घेत न्हाईत." शांतता परिषदेची बातमी आली की ते उठून चहा सांगायला जायचे.

त्यांचा हा छंद उगीच जडलेला नव्हता. मोठ्या लढाईत त्यांच्या फौंड्रीत हातबॉम्बची पोकळ कवचं ओतली जायची. आकार आणि वरचे फुगवटे यांमुळे कामगार त्यांना सीताफळं म्हणत. तेव्हा भट्टी तीन पाळ्यांत चालायची. आण्णा घराच्या कौलांकडे बोट दाखवून सांगायचे, "ही हिटलरनं घातली. आनि ह्यो नळ जपानचा." पंचेचाळीस साली लढाई थांबली, गावाने पेढे वाटले आणि आण्णांनी निम्म्याहून जास्त माणसं घरी पाठवली. ज्यांना काम उरलं नाही त्यांत त्यांचा एकुलता एक मुलगा सदाशिवही होता. बापाच्या गार भट्टीपुढे बसून भाकरी खाणं त्याला जमलं नाही. तो फौजेत गेला आणि मोटारी दुरुस्त करू लागला.

त्यामुळे गल्ली आण्णांवर आणखीच चिडून होती. पोरगा फौजेत, आणि बाप लढाई मागतोय! आण्णांच्या बायकोने, काकूंनी, तर त्यांच्याबरोबर देवळात जाणंच बंद केलं होतं.

मी एकदा त्यांना शास्त्र सांगायला गेलो. आमच्या पुस्तकात होतं, की देशाने तोफा केल्या तर लोणी कमी पडतं. आण्णांनी नीट ऐकून घेतलं.

"लोनी कोन घेतंय?"

"लोक."

"तोफ कोन घेतंय?"

"सरकार."

"सरकार भाव करत बसत न्हाय, बीए. लोक लोनी चाखून बघत्यात आनि आंबट हाय म्हनत्यात."

साचे करणाऱ्यांचे मुकादम, हेडमोल्डर हसनभाई, वाळू चाळता चाळता म्हणाले, "आण्णा, बीएला शिकवू नगा. परत कॉलेजात गेला तर पत्रं कोन लिवणार?"

पत्रं म्हणजे सदाशिवला धाडायची पत्रं. दर सोमवारी आण्णा सांगायचे आणि मी लिहायचो. मजकूर फारसा बदलत नसे. "भट्टी गार हाय. आई बरी हाय. म्हस व्याली. लांब ऱ्हा." मी शेवटी 'सुरक्षित राहावे' असं लिहिलं, तर त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेऊन खोडायला लावलं. "सुरक्षित कशाला? लांब ऱ्हा म्हना. त्येला कळतंय."

आणि मग आण्णांची लढाई आली. काश्मीरची लढाई तशी आधीच चालू होती, पण तिचं काम आमच्यापर्यंत आलं नव्हतं. ते अठ्ठेचाळीसच्या दसऱ्याच्या सुमाराला मुंबईचा एक ठेकेदार घेऊन आला. पुन्हा सीताफळं हवी होती, तीही भराभर. घरी बसलेली माणसं परत आली. हसनभाईंनी भट्टीला नारळ फोडला. आण्णांनी अंबाबाईला खण-नारळ दिला. मला वाटलं, आता हा माणूस सुखी झाला.

पंधरा दिवसांनी सदाशिवचं पत्र आलं. जागेचं नाव नव्हतं. एवढंच होतं, की 'आमची तुकडी वर आली आहे, थंडी फार आहे.' मी वाचून संपवलं, तशी आण्णांनी पत्राची घडी घालून पटक्यात खोचली. काकू दारातून म्हणाल्या, "मिळाली न्हवं लढाई?" आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून आण्णा हातोडी घेऊन बाकावर बसायला लागले. ओतून निघालेलं प्रत्येक कवच कानाशी धरायचं, ठोकायचं, आवाज ऐकायचा. ओतताना आत हवा अडकली की बिडात पोकळी राहते आणि मग आवाज बद्द येतो. बद्द आवाज आला की माल बाजूला. चांगला आला तरी पुन्हा ठोकायचं. दिवसाला जेवढं ओतलं जाई त्यातलं जवळजवळ निम्मं बाजूला पडू लागलं. ठेकेदाराचा तपासनीस स्वतः म्हणाला, "मिस्त्री, हा माल पास आहे. द्या." आण्णा म्हणाले, "तुमचा पास असंल. माझा न्हाय."

हसनभाई वैतागले. "आण्णा, मागच्या लढाईत ह्याच्यापेक्षा वाईट माल गाडीत भरलाय आपन! तुमीच म्हनायचा, भर रं, त्यो फुटायलाच चाललाय!"

"तवा कुनाच्या हातात जातोय ह्ये ठावं न्हवतं."

"आनि आता?"

आण्णांनी पुढचं कवच कानाशी धरलं.

मलाही गप्प बसवेना. माझी नोकरी त्या ठेक्यावर होती. मी म्हणालो, "आण्णा, असंच चाललं तर मुदतीत माल जाणार नाही. ठेका गेला तर फौंड्री बंद पडेल. सदाशिव तर मोटारी दुरुस्त करतो, बॉम्ब टाकत नाही."

"ठावं हाय, बीए," ते म्हणाले. "टाकनाराबी कुनाचा तरी सदूच असनार की. हातातच फुटला तर?"

सकाळचं वर्तमानपत्र चालूच होतं, पण 'कुठं पेटलंय का' बंद झालं. ते आता विचारायचे, "काय म्हनतंय?" मी काश्मीरची बातमी वाचायचो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. वाचता न येणारा माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून बातमी वाचतो. म्हणून मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करायचो. ते मला कधीच जमलं नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मी वर्तमानपत्र उघडलं, आणि मी काही बोलायच्या आधीच आण्णा उभे राहिले.

"काय झालं?"

"थांबली, आण्णा. लढाई थांबली."

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा काकूही चुलीवरचं तसंच टाकून दारात आल्या होत्या. आण्णा तिथेच साच्याच्या वाळूवर बसले आणि पटक्याच्या टोकाने तोंड पुसत राहिले. एवढंच म्हणाले, "सुटलो गा, सुटलो."

आठवडाभरात सदाशिवचं पत्र आलं. खुशाल होता. आणि पाठोपाठ ठेकेदाराची तार आली, काम थांबवा म्हणून.

तार मी सगळ्यांसमोर वाचली. भट्टीभोवती सगळी माणसं उभी होती, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला तर कागलला वडिलांना काय सांगायचं ते कळेना. आण्णा मात्र लग्नघरातल्या माणसासारखे घाईत होते.

"बीए, कागुद घ्या. लिवा. सदाशिवास आशीर्वाद. भट्टी जोरात हाय. काम लई आलंय, हात कमी पडत्यात. सुटका हुईल तवा नाव कमी करून घरला ये."

माझी लेखणी थांबली. "आण्णा, काम कुठाय?"

"लिवा तर."

"पण हे खोटं..."

आण्णा माझ्याजवळ बसले. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "बीए, तीन वरीस मी आईकडं लढाई कशापायी मागत हुतो? काम आलं की पोराला बलवावं म्हनून. बिनकामाचा त्यो येनार न्हाय. माझ्यावर गेलाय. आईनं माझं ऐकलं, पन मी मागितलंच उलटं."

काकू दारातच होत्या. त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. तो त्यांनी आण्णांपुढे ठेवला. कित्येक महिन्यांत मी त्यांना आण्णांपुढे काही ठेवताना पाहिलं नव्हतं.

मी पत्र पुरं केलं, पाकिटात घातलं, पत्ता लिहिला. टपालपेटीकडे निघालो तर आण्णांनी हात धरला. "आत्ता न्हाय. खोटं लिवून धाडायचं न्हाय. मी येस्तवर खिशात ठेवा." आणि पाणी पिऊन त्यांनी सायकल काढली.

ते दिवस गुऱ्हाळांचे होते. वाऱ्यावर काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसाचा वास यायचा. ऊस पिळायचे चरक रात्रंदिवस फिरत आणि हंगामाच्या मध्यावर एकेकाच्या बिडाच्या चाकांचे दाते तुटायला लागत. हसनभाई एका माणसाला घेऊन लांबून मागे गेले होते. त्यांनी येऊन सांगितलं, की आण्णा प्रत्येक गुऱ्हाळावर सायकल उभी करतात, फिरत्या चरकाजवळ कान नेतात आणि मालकाला म्हणतात, "पावनं, ह्यो दाता आठ दिसात जानार बघा. आत्ताच चाक दिलंसा तर उद्याच्याला नवं." दोन मालकांनी त्यांना हाकलून दिलं. तिसऱ्याने रस पाजला आणि मग हाकलून दिलं.

आम्ही शेडमध्ये बसून राहिलो. वाळू चाळून ठेवली, भट्टी झाडून ठेवली. उन्हं कलली तरी कुणी घरी गेलं नाही. पाकीट माझ्या खिशात होतं आणि मी उगाच सारखा त्याला हात लावून बघत होतो.

दिवस मावळायच्या सुमाराला रस्त्याच्या वळणावर आण्णा दिसले. सायकलवर बसलेले नव्हते, ती ढकलत आणत होते. मागच्या कॅरियरला सुतळीने करकचून बांधलेलं एक दातेरी चाक होतं, दोन दाते तुटलेलं. वजनाने सायकल एका बाजूला कलली होती आणि आण्णा दुसऱ्या बाजूला.

फाटकापर्यंत येण्याचाही त्यांना धीर नव्हता. रस्त्यातूनच त्यांनी देवळातला तो आवाज लावला,

"बीए! टाका पत्र!"